कागदपत्रं मशीनवर सोड, माणसं नको

मिल्या,

तुला पोचवायला पाच हजार माणूस आला होता. रत्नागिरीतली सगळी दुकानं बंद, स्टँडवर एसट्या जागच्या जागी उभ्या, आणि मांडवीचा समुद्र, जो कुणाच्या बापाचं ऐकत नाही, तोसुद्धा तेवढा वेळ लाटा गिळून गप्प बसला होता. भेटेल त्याला मी हेच सांगतोय. सांगता सांगता दरवेळी अडखळतो, कारण इथे मागून तुझा आवाज यायचा असतो, "शशा, एक शून्य काढ." तो येत नाही. मग मीच काढतो. पाचशे. खरं सांगायचं तर तेवढेही नसतील, पाऊस मी म्हणत होता. पण जे होते ते रडत होते. त्यातून काढायला शून्य नाही.

तीस वर्षं आपण एका दुकानात काढली. पुढे काउंटरवर मी, मागे मशीनवर तू. आलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायचो मी, आणि जाताना त्याच्या हातात असायचं ते तुझं काम. लोक म्हणायचे, शशाचं तोंड आणि मिलिंदचे डोळे, एवढ्या भांडवलावर हे दुकान चाललंय. आता नुसतं तोंड उरलंय. गेले दहा दिवस तेही नीट चालत नाही.

तुझ्या मशीनच्या वर भिंतीला टाचणीने लावलेला निळ्या कापडाचा तुकडा अजून तिथेच आहे. झेंड्याच्या कापडाचा, चार बोटं रुंद. त्याची गोष्ट मी शंभर लोकांना शंभर प्रकारे सांगितली, तुझ्यादेखत. आज तुलाच सांगतो, जशी झाली तशी.

डिजिटल मशीन नवं नवं आलं होतं. तुझ्या वाडीचा जयंतीचा बॅनर, आपलं पहिलं मोठं काम. स्क्रीनवर काय निळा दिसत होता! तू तुझ्या आतेला मुद्दाम दुकानात आणून दाखवलास. छापून वाडीत नेला, विहारासमोर उलगडला, आणि तो निघाला जांभळा. चक्क जांभळा. तुझ्या वाडीतला एक म्हातारा पुढे आला, चष्मा कपाळावर सारून बघत राहिला आणि म्हणाला, "यंदा जांभळं लवकर पिकली वाटतं." सगळी वाडी हसली. मी पुढे झालो आणि ठोकून दिलं, "बाबा, हा परदेशी निळा आहे. दोन दिवस कडक उन्हात टांगला की मग खरा रंग उतरतो." आणि लोकांनी टांगला की रे! दोन दिवस. मी आजपर्यंत ही गोष्ट हसायला सांगत आलो. पण त्या दिवशी तू जेवला नाहीस, हे कधी कुणाला सांगितलं नाही. परतीच्या गाडीत तू एवढंच बोललास, "शशा, वर्षभर वाट बघतात रे ह्या रंगाची."

दुसऱ्याच दिवशी रंग जुळवायला झेंड्याचा हा तुकडा मशीनच्या वर टाचलास, आणि तिथून तू पेटलास. पुस्तकं कुठली मागवलीस, कुणाला फोन केलेस, देव जाणे. महिनाभर मशीनशी असा बोलत होतास की वहिनी मला विचारायला आल्या, "भावोजी, ह्यांचं काही दुसरीकडे तर नाही ना?" मी म्हटलं, "आहे, वहिनी. तिचं नाव प्रोफाइल."

मग एका दुपारी तू मला समोर बसवून समजावलंस. स्क्रीनवरचा रंग उजेडाचा, कागदावरचा शाईचा. उजेड वाट्टेल ते बोलतो, शाईला तेवढं सगळं झेपत नाही. म्हणून मध्ये कुणीतरी बसून ठरवावं लागतं, काय राखायचं आणि काय सोडायचं. प्रिंट द्यायच्या आधी मशीन हेच विचारतं, रंग कोण सांभाळणार, प्रिंटर की प्रोग्रॅम? मी म्हटलं, "सोपं आहे, ज्याचं काम त्याने करावं. प्रिंटर." तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी खुर्ची मागे सरकवली. मग म्हणालास, "तू स्क्रीन आहेस, शशा. तुला कागदावर उतरवता उतरवता माझा जन्म जाणार."

गेला, मिल्या. तेवढ्यातच गेला.

तुझा नियम साधा होता. अर्ज, दाखले, पावत्या, उतारे, असलं सगळं प्रिंटरवर सोडून द्यायचं, त्याला कळतं तेवढं पुरे. पण फोटो असेल तर प्रोग्रॅमने सांभाळायचं, कागद कोणता त्याप्रमाणे प्रोफाइल, म्हणजे त्या कागदाचा शाईचा हिशेब, निवडायचं, आणि मग आठवणीने स्क्रीनवरच्या प्रिंटरच्या खिडकीत जाऊन त्याची स्वतःची रंगाची दुरुस्ती बंद करायची. हे शेवटचं तू दहादा बजावायचास. दोघांनी एकदम रंग सांभाळला की रंगाचा बेरंग, एका म्यानात दोन तलवारी. आणि आपल्या ह्या दमट हवेत कागद पापडासारखा सादळतो, म्हणून पावसाळ्याचं प्रोफाइल वेगळं, उन्हाळ्याचं वेगळं. मी लोकांना सांगायचो, आमच्या मिलिंदची चार प्रोफाइलं आहेत, त्यातलं एक खास नारळी पौर्णिमेचं. "दोन," तू मागून ओरडायचास.

आणि बघायचं ते दाराबाहेर. ट्यूबखाली कधी नाही. प्रिंट सुकू द्यायची, मग दारात न्यायची. पावसचे ते बागायतदार आठवतात? पेटीवर लावायची लेबलं घेऊन परत आले आणि तडकले, "हा हापूस हाय? ही पपई हाय!" मी त्यांना पटवत होतो, "अहो, आंबा इतका ताजा छापलाय की अजून पिकायचाय. आठ दिवस अढीत ठेवा ती लेबलं." ते जवळजवळ हसले होते! तेवढ्यात तू उठलास, त्यांच्या पिशवीतला एक आंबा उचललास, दारात गेलास. एका हातात लेबल, एका हातात आंबा. "चुकलं माझं. परत छापून देतो." ते गेल्यावर मी तुझ्यावर भडकलो, "त्यांना पटवलं होतं मी!" तू शांतपणे म्हणालास, "आणि आंब्याला?"

आपली खरी भांडणं मात्र मेलेल्या माणसांवरून झाली. घरात कुणी गेलं की लोक फोटो मोठा करायला आपल्याकडे येणार, आणि पाच मिनिटांनी आवाज खाली आणून म्हणणार, "जरा उजळ करा हं." सगळे म्हणतात. गोरे लोकसुद्धा म्हणतात. मी म्हणायचो, करू की, त्यात काय, माऊस सरकवायचा. तू करायचा नाहीस. बाजारात मासे विकायच्या त्या बाईंचा मुलगा आला होता, त्याला तू काय सांगितलंस ते मी विसरणं शक्य नाही. "तुमच्या आईंकडून मी वीस वर्षं बांगडे घेतले. उजळ केल्या तर मी ओळखणार नाही. तुम्ही ओळखाल?" तो तसाच फोटो घेऊन गेला, काळा, तुकतुकीत, ऐन उन्हातला.

आणि दुसरं भांडण, जे कधी मिटलंच नाही. पत्रिका हे कागदपत्र की चित्र? मी म्हणायचो, कागदपत्र. अक्षरं असतात, तारीख, वार, वेळ, सोड प्रिंटरवर. तू म्हणायचास, "ज्यात माणूस आहे ते चित्र." मी म्हटलं, "ओळखपत्रात पण माणूस असतो." तू म्हणालास, "ओळखपत्रातल्या माणसाला त्याची आईसुद्धा ओळखत नाही. ते कागदपत्रच." गिऱ्हाईक उभं राहून ऐकायचं आणि आपण भांडायचो. वीस वर्षं. दोनशे म्हणणार होतो.

आता ते सांगतो, जे सांगायला इतका वेळ लावला.

तुला ऑपरेशनसाठी कोल्हापूरला नेलं आणि मी मशीनवर बसलो. पहिल्याच दिवशी एका बारशाचे फोटो मी चुकीच्या प्रोफाइलवर दिले. बाळ हिरवं निघालं. मी घाबरलो, मिल्या. तू लिहून ठेवलेली सेटिंगची यादी उघडायचो आणि पहिल्याच ओळीला मिटायचो. म्हणून एका सकाळी मी सगळंच प्रिंटरवर सोडून दिलं. फोटो, पत्रिका, बॅनर, सगळं. रंग कोण सांभाळणार? प्रिंटर. सुटलो. त्याच आठवड्यात तुझ्या वाडीच्या विहाराच्या कार्यक्रमाची पत्रिका आली, निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, वर गेलेल्या दोन म्हाताऱ्यांचे फोटो. तीही तशीच छापली. दारात नेऊन पाहिलीसुद्धा नाही. पाहिली असती तर कळलं असतं, म्हणून नाही पाहिली.

शनिवारी एसटीने तुला भेटायला आलो. तू खिडकीकडे तोंड करून पडला होतास, केवढासा झाला होतास. वहिनी चहा आणायला गेल्या. तू इकडे न वळताच विचारलंस, "सेटिंगला हात लावला नाहीस ना?"

मी म्हटलं, "छे."

जन्मभर मी थापा मारल्या. देवमासा मांडवीच्या जेटीवर पत्ता विचारायला आला होता, इथपर्यंत मारल्या. त्या तुझ्यासमोर मारल्या, त्यातलं शून्य काढायला तू बसलेला असायचास, म्हणून त्या थापाच राहिल्या, खोटं कधी झाल्या नाहीत. हे पहिलं खोटं. एवढंसं, एका शब्दाचं. त्याला काढायला शून्यसुद्धा नव्हतं.

तू म्हणालास, "बरं." मग डोळे मिटूनच, "कागदपत्रं मशीनवर सोड, शशा. माणसं सोडू नको." मला वाटलं, औषधाच्या गुंगीत दुकान चालवतोयस. मी तुझे पाय दाबले आणि तुला देवमाशाची गोष्ट परत सांगितली. तू हसला नाहीस. टाक्यांवर हात ठेवून नुसता ऐकत राहिलास.

पुढच्या शनिवारी तू नव्हतास.

पाचव्या दिवशी सकाळी वहिनी दुकानात आल्या, बरोबर आते. तुला कडेवर घेऊन वाढवलेली ती आते, काठी टेकत, भर पावसात. वहिनी म्हणाल्या, "भावोजी, पुण्यानुमोदनाला फोटो लागेल. ह्यांचा एकही मोठा नाही घरात." कसा असेल? सगळ्या गावाचे फोटो तू छापलेस, पण समोर कधी उभा राहिलास? माझ्या फोनमध्ये एक होता. गेल्या एप्रिलमध्ये जयंतीला निघताना दुकानाच्या पायरीवर काढलेला, निळा शर्ट, मान मागे टाकून हसतोयस. मीच काहीतरी फेकलं होतं. वहिनींनी फोन हातात घेतला आणि बराच वेळ परत दिला नाही. मग म्हणाल्या, "ह्यांना उजळ नका हं करू." मी म्हटलं, "वहिनी, त्याने वरून येऊन मारलं असतं मला."

त्या दोघी बाकावर बसून राहिल्या आणि मी तुझ्या खुर्चीत बसलो.

पहिली छोटी प्रिंट प्रिंटरवर सोडूनच दिली. हात सवयीने गेला. तू फिकट, साबणाने धुतल्यासारखा, आणि शर्ट? जांभळा. तोच जांभळा, मिल्या, त्या बॅनरचा. मी ती प्रिंट चटकन मांडीखाली सारली. दुसऱ्या वेळी प्रोग्रॅमवर घेतलं, कागद निवडला, पावसाळ्याचं प्रोफाइल लावलं, सगळं तुझ्या यादीप्रमाणे, आणि प्रिंटरची दुरुस्ती बंद करायला विसरलो. दोन तलवारी. तुझं तोंड असं लालभडक आलं की होळीला गेलेलास. मी मनात म्हटलं, दहादा सांगून कळलं नाही ह्या गाढवाला.

तिसऱ्या वेळी सगळं जमलं, तर मशीनने शेवटचा प्रश्न टाकला. जे रंग शाईला झेपत नाहीत त्यांचं काय करू? दोन वाटा. एक, सगळ्यांनाच थोडं थोडं सरकवायचं, म्हणजे कुणी एकटा दुखावत नाही. दुसरी, जे जमतात ते जसेच्या तसे राखायचे आणि जे जमत नाहीत त्यांना जवळच्या रंगावर बसवायचं. तू चेहऱ्याला दुसरी घ्यायचास आणि निळ्याला पहिली. इथे तर दोन्ही एकाच फोटोत. शर्ट वाचवला तर तू थोडा सरकणार, तू तसाच राहिलास तर शर्टाचा निळा फिका पडणार. ज्या निळ्यापायी तू एक दिवस उपाशी राहिलास, तो निळा. विचारणार कुणाला? मी खरंच मागे वळून पाहिलं, मिल्या. मग समजलं, मागे मीच बसलोय.

मी चेहरा राखला.

प्रिंट सुकू दिली. मग दारात नेली. पाऊस थांबला होता, ढगातला तो पांढरा, सारखा उजेड होता, तुला आवडायचा तसला. तू आलास. तुझा रंग, भाजलेल्या काजूबीसारखा, डाव्या गालावरचा तो व्रण, आणि डोळ्यांखालचं काळं, जे मी रोज बघून कधी पाहिलं नव्हतं. शर्ट मात्र उतरलेला. मी म्हटलं, "वहिनी, निळा थोडा कमी आलाय. चेहरा ठेवायचा तर..."

आतेने फोटो हातात घेतला. नाकाला लागेल इतका जवळ नेला. "कमी कसला? शर्ट धुऊन धुऊन असाच झालेला व्हता त्येचा. मी सांगून दमले, नवा घे, नवा घे." म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यानेच थाप मारली होती आणि मी तिला खरी मानून बसलो होतो! मी हसायला लागलो, वहिनीही हसल्या, आणि मग आम्ही दोघंही हसत राहिलो नाही.

आते फोटोवरून बोट फिरवत म्हणाली, "ह्यो खरा. तुज्या त्या पत्रिकेसारखा नाय."

मी म्हटलं, "कुठल्या पत्रिकेसारखा, आते?"

"विहाराची. मी कोल्हापूरला नेली व्हती त्येला दाखवायला, त्या शनवारी सकाळी. त्येनं हातात घेतली, मला म्हनतो, खिडकी उघड आते. उजेडात धरलान आनि हसलान. म्हनतो, शशानं मशीनवर सोडलान."

दुपारी मी आलो होतो. त्याच दिवशी दुपारी.

"मी म्हनलं, मंग त्येला वरडत का नाय? तर म्हनतो, वरडलो तर तो काहीतरी ठोकून देईल, आनि असं ठोकून देईल की मला हसू येईल. आनि हसलो की टाके दुखतात."

बघ, म्हणजे तुला ठाऊक होतं. "हात लावला नाहीस ना?" असं तू विचारलंस ते उत्तर माहीत असताना. तू माझ्याकडून एका मोठ्या थापेची वाट बघत होतास, टाक्यांवर हात ठेवून, दुखलं तरी चालेल म्हणून तयारीत. मी म्हणायला हवं होतं, मिल्या, रात्री दर्यावरून भूत आलं आणि सगळी सेटिंगं बदलून गेलं. तू हसला असतास. टाके दुखले असते, शिव्या घातल्या असत्यास, आणि सगळं कबूल झालं असतं. मी "छे" म्हणालो. आणि तरी त्यावर तू "बरं" म्हणालास आणि मला नियम परत शिकवलास, पहिल्यापासून, न रागावता. आतेला मी काय सांगितलं ते सांगत नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच सांगतो.

त्या गेल्यावर मी विहाराच्या उरलेल्या पत्रिका कपाटातून काढल्या, दारात नेल्या आणि उजेडात पाहिल्या. जांभळं पिकली होती.

मग बसून मशीनवरची सगळी सेटिंगं तुझ्या यादीप्रमाणे परत लावली, एकेक, वाचून. अर्ज, दाखले, पावत्या प्रिंटरकडे. फोटो माझ्याकडे. तुझं नाव दिलेली दोन प्रोफाइलं जशीच्या तशी ठेवली आहेत. लोकांना सांगणार, चार आहेत.

आज सकाळी तुझ्या पुण्यानुमोदनाची पत्रिका छापली. वहिनींनी साधी हवी म्हणून सांगितलं होतं, फोटो नको, चौकट नको. पांढरा कागद, काळी अक्षरं. स्थळ, वेळ, विनीत. वरती तुझं नाव. ह्याच्याइतकं कागदपत्र दुसरं कुठलं असणार? त्यात रंग म्हणून नाहीच. मशीनने नेहमीचा प्रश्न विचारला, रंग कोण सांभाळणार? मी बराच वेळ तुझ्या नावाकडे बघत बसलो. वीस वर्षांचं भांडण, आणि समोर कुणी नाही, म्हणजे मी सहज जिंकलो असतो.

प्रोग्रॅमवर घेतलं. कागद निवडला, पावसाळ्याचं प्रोफाइल लावलं. प्रिंटरची दुरुस्ती बंद केली, दोनदा तपासून. पहिली प्रत सुकू दिली आणि दारात नेली.

काळं बरोबर आलंय, मिल्या.